आधी खोली, मग स्पीकर



१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह वापरात आले, आणि वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सेबाइन या तरुण पदार्थविज्ञान अध्यापकाकडे आले. ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच घेऊन ते रात्री बसत. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून मांडत, मोजमाप घेत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवत. आवाज किती काळ घुमेल हे खोलीचे घनफळ आणि तिथले ध्वनी शोषणारे पृष्ठभाग ठरवतात, हे त्यांचे सूत्र या खटपटीतून निघाले. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच ज्ञानावर बांधला गेला.

घरी उत्तम स्टिरिओ उभारणारा माणूस मात्र बहुधा खोलीचा विचार सर्वांत शेवटी करतो. ॲम्प्लिफायर कोणता, केबल कोणती, यावरच त्याच्या संध्याकाळी खर्ची पडतात. वास्तविक क्रम एकाच प्रश्नाने ठरायला हवा: आवाज सर्वाधिक कुठे बिघडतो?

तो खोलीत बिघडतो. काळी एकच्या षड्जाला लावलेला तानपुरा घ्या. त्याच्या खर्जाच्या तारेचे मूळ कंपन सुमारे ६९ हर्ट्झ, म्हणजे हवेतली तरंगलांबी जवळजवळ पाच मीटर. समोरची आणि मागची भिंत अडीच मीटर अंतरावर असेल, तर नेमका हाच स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकतो. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला खर्ज घुमतो आणि मधोमध बसलेल्याच्या कानी तो जेमतेम पडतो. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढणे, बसायची जागा दोन-तीन फूट हलवणे, जमिनीवर जाड सतरंजी आणि भिंतीलगत पुस्तकांचे कपाट ठेवणे, या उपायांना फारसा खर्च नाही. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे दोष एकाच स्वरावर साठतात; दुसरी लांबट खोली असेल तर ती निवडावी.

खोलीनंतर स्पीकर. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये मंद्रापासून तारापर्यंतचा चढउतार डेसिबलचा अंशही नसतो. चांगल्या म्हणवणाऱ्या स्पीकरमध्ये तो तीन-तीन डेसिबल असतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. समोरच्या दिशेने समतोल आणि बाजूंनाही सुरळीत आवाज देणारे स्पीकर श्रोत्यांनी पुन्हापुन्हा पसंत केले. पुढे हरमन कंपनीत, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर झाकून आणि उघडे ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच लोकांनी दिलेले गुण बदलले.

याविरुद्ध एक जुने आणि वजनदार मत आहे. सत्तरच्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टीफेनब्रुन सांगत, की तबकडीच्या खाचेतून जे निसटले ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, म्हणून पहिला पैसा टर्नटेबलवर घालावा. त्यांचे सोंडेक एलपी१२ टर्नटेबल याच विचाराची साक्ष होते, आणि रेकॉर्ड ऐकणाऱ्याने आजही तो मानावा. मोटरची थरथर, बेअरिंगची घरघर, सुईची झीज, सारे थेट आवाजात उतरते. पण १९८२ साली सीडी आली. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या मापात साधारण ९६ डेसिबलचा आवाका साध्या यंत्रालाही मिळू लागला. डिजिटल श्रोत्याच्या यादीत स्रोत, म्हणजे ध्वनिमुद्रण वाजवणारे यंत्र, खाली सरकला तो यामुळे.

ॲम्प्लिफायरचे वॉट स्पीकर पाहून ठरवावेत. एका वॉटला मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर ९० वर न्यायला दोन वॉट लागतात, ९७ ला दहा, १०७ ला शंभर. अधिक कार्यक्षम स्पीकर निवडला की ॲम्प्लिफायरचे ओझे हलके होते.

केबलला शेवटचे स्थान. पाच मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तिचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो.

तेव्हा खरेदीला निघण्यापूर्वी खोलीची तीनही मापे घ्या. निम्मी रक्कम स्पीकरसाठी राखून ठेवा. दुकानात आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण न्या, आणि दुकानदार तयार असेल तर स्पीकर घरी आणून, आपल्या नेहमीच्या जागी बसून ऐका. मगच पैसे मोजा.