अपंग विद्यार्थी आणि कायदा

मुक्ताईनगरांतील, म्हणजे पूर्वींच्या एदलाबादेंतील, एखाद्या अंध मुलास शाळेनें दार लावलें, तर तें केवळ त्याचें दुर्दैव उरत नाहीं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानें ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परीक्षेंत लेखनिक व जादा वेळ यांचीही तरतूद आहे. हा उपकार नव्हे.

तथापि टक्केवारीच कधीं आडवी येते. महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्यास वाचादोष ४० टक्क्यांहून अधिक म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयानें नव्या मंडळाकडून तपासणी करविली. दोष अभ्यासाआड येणार नाहीं, असें मंडळानें कळविलें. २०२४ मध्यें त्याचा प्रवेश कायम झाला.