चतुर पंडितांचा वारसा
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



जे ज्ञान केवळ एकाच्या कंठात राहते, ते त्या कंठाबरोबरच लोपते. या विचाराने ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण शिक्षकांनी विशेष आदराने करावे.

पंडितजींचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. ते कायद्याचे पदवीधर होते व काही काळ त्यांनी वकिलीही केली. पुढे पत्नी आणि एकुलती कन्या यांच्या वियोगाचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. तथापि त्यांनी संगीताचा ध्यास सोडला नाही. त्यांनी देशभर प्रवास केला, ग्रंथालये धुंडाळली, गुणी गायकांना भेटून त्यांच्याकडील चिजा मिळविल्या. त्या काळी घराण्याची चीज परक्यास देणे म्हणजे घरातले धन देणे असे मानीत. ती मिळविण्यास विद्वत्तेइतकीच नम्रता लागे.

मिळविलेले धन त्यांनी पुन्हा कुलुपात ठेवले नाही. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून शेकडो बंदिशी स्वरलिपीसह छापून त्यांनी त्या सर्वांस खुल्या केल्या. ही लिपी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र स्वराच्या खाली बिंदू, तार स्वराच्या वर बिंदू. ज्यास फळा व खडू मिळतो, त्यास ती लिहिता येते.

पंडितजी स्वतः रचनाकारही होते. ‘चतुर’ या नावाने त्यांनी लक्षणगीते रचली. रागाचे थाट, वादी-संवादी व वर्ज्य स्वर यांचे नियम त्याच रागाच्या गीतात गोवलेले असतात. विद्यार्थी गातो आणि गाता गाताच नियम शिकतो. पाठ रंजक कसा करावा, याचा याहून सुंदर वस्तुपाठ कोणता? ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथही त्यांनी मराठीत गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिला.

स्वरलिपीने गाण्याचा सांगाडा राहतो, प्राण राहत नाही, असा आक्षेप घेण्यात आला. तो सर्वथा खोटा नाही. मींड आणि गळ्याची लकब कागदावर पूर्णतः उतरत नाही. त्यासाठी गुरूच हवा. परंतु सांगाडाही उरला नाही, तर प्राण कशात फुंकावा? म्हणून पुस्तकाबरोबर त्यांनी विद्यालयांचीही कास धरली. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ साली ग्वाल्हेरीस व १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस त्यांचे देहावसान झाले. १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांस यातून काय घ्यावयाचे? धानाच्या रोवणीस चिखलात उभ्या राहून बाया जी गाणी म्हणतात, दंडारीत जी पदे रंगतात, त्यांतील कितीतरी कोठेच लिहिलेली नाहीत. ती जाणणारी एखादी आजी निवर्तली की तिच्याबरोबर एक पोथीच जाते. शिक्षकाने मुलांना सांगावे, घरी जा, आजीला विचारा, शब्द लिहून आणा. ज्यास स्वरज्ञान आहे, त्याने चाल स्वरांत मांडावी. ज्यास नाही, त्याने निदान शब्द, गाणाऱ्याचे गाव व गाण्याचा प्रसंग नोंदवावा. शाळेच्या एका वहीत हे साठू लागले, की पंडितजींचे खरे स्मारक गावोगावी उभे राहील.