डांबराचे वय आणि मजुराचे आयुष्य



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांवर विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि कामाच्या जागी झाले. तेव्हा आपण ज्यावरून येथवर आलात, त्या डांबराविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले.

प्रथम एक घोळ मिटवू. मूळचे डांबर दगडी कोळशापासून निघे. आज रस्त्यावर पडते ते बिट्युमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा चिकट भाग. पण लोकांच्या तोंडी डांबर हाच शब्द रुळला आहे. आम्हीही तोच वापरतो.

हे डांबर म्हातारे होते. त्यात एक तेलकट भाग असतो आणि अस्फाल्टीन नावाचा जड, कठीण भाग असतो. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होत गेला, की तेलकट भाग घटतो आणि कठीण भाग वाढतो. मग डांबर चाकाखाली वाकण्याऐवजी तडकते. भेगेतून पाणी शिरते, खडी सुटते, खड्डा पडतो. लोकांना खड्डा दिसतो. आजार त्याआधीच जडलेला असतो.

हे म्हातारपण रस्त्यावरच येते असेही नाही. त्याचा मोठा वाटा भट्टीतच पदरात पडतो. आपल्याकडील नेहमीचे डांबर खडीत मिसळताना १५० ते १६५ अंश सेल्सिअस तापवितात. खडीवर त्याचा पातळ थर बसतो आणि त्या उष्णतेत प्राणवायू झपाट्याने आपले काम उरकतो. तापमान याहून वर गेले, तर रस्ता जन्मतःच म्हातारा होतो. आमच्या माहितीतल्या एका कामावर पिपाखाली लाकडे घालून डांबर उकळीत, उष्णतामापक नव्हताच. रस्ता लवकर उखडला, तेव्हा बोल मात्र मजुरांना लागला.

त्याच उष्णतेत धूर वाढतो आणि तो झारी धरणाऱ्याच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २०११ साली रस्तेकामातील या संपर्काची गणना कर्करोगास कारण होण्याचा संभव असलेल्या गोष्टींत केली. म्हणजे रस्त्याचे आयुष्य आणि मजुराचे आयुष्य एकाच भट्टीत जळते.

आता वनस्पतींकडे वळू. लाकडाला व काडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. प्राणवायूची साखळी तोडण्याचा गुण त्यात आहे, म्हणून ते डांबराचे वार्धक्य लांबवील अशी आशा आहे. मात्र ते स्वतःच डांबर कडक करते. प्रमाण चुकले तर औषधच बाधावे. वनस्पतिजन्य तेलांचे काम निराळे. ती जुन्या, उखडलेल्या डांबराला मऊ करून पुन्हा कामास लावतात. पण झालेला संयोग उलटवीत नाहीत. सांधेदुखीवर तेल चोळल्याने वय कमी होत नाही, तसेच हे.

नेदरलँड्समध्ये २०१५ साली लिग्निनयुक्त रस्त्याचा प्रयोग झाला. आपल्याकडे २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर जिल्ह्यात मनसर येथे, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, असा एक किलोमीटरचा तुकडा खुला झाला. त्यात १५ टक्के डांबराच्या जागी लिग्निन आहे. डांबराचा मोठा भाग आपण परदेशांतून आणतो आणि भाताचे काड शेतात जाळतो, हे पाहता आम्ही या प्रयोगाचे स्वागत करतो.

परंतु आमच्या तीन मागण्या आहेत. नवे मिश्रण ताजे असताना तपासून भागणार नाही. कृत्रिम रीतीने म्हातारे करूनही ते तपासावे, आणि रस्त्यावर काही पावसाळे पाहावे. त्याचा धूर मोजावा, कारण झाडापासून आले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. आणि प्रत्येक भट्टीवर उष्णतामापक व त्याची उघडी नोंदवही असावी.

नागरिकहो, आपल्या आळीत रस्ता होईल तेव्हा एवढे विचारा : डांबर किती अंशांवर तापले, आणि तापविणाऱ्याच्या पायांत बूट आहेत की गोणपाट? कर भरणाऱ्याने हे विचारले, तर उत्तर द्यावेच लागते.