वाचलेले पैसे कुठे गेले?



मी हिशेबाची माणूस. मूळची बडोद्याची, लग्नानंतर अकरा वर्षं अमेरिकेत, आणि २०१२ पासून हैदराबादला. ताळेबंद तपासणं हा माझा धंदा आहे. आज मात्र मी बेसबॉलवर बोलणार आहे. घाबरू नका, नियम शिकवणार नाही. खेळ बंद असतो तेव्हा काय चालतं, त्याबद्दल बोलायचं आहे. आणि एका वादाबद्दल, जो मी जिंकले असं मला वीस वर्षं वाटत होतं.

अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मग चार-पाच महिने मैदान रिकामं. पण चाहते गप्प बसत नाहीत. कुणाला घेतलं, कितीला घेतलं, कुणाला सोडलं आणि मालकाची अक्कल कुठे गेली होती, हे सगळं हिवाळ्यात रंगतं. तिकडे या गप्पांना ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. आपली शेकोटीच समजा.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचा वाद कळणार नाही. आपल्या आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या खिशात सारखेच पैसे असतात. २०२५ च्या मोसमासाठी ती मर्यादा १२० कोटी रुपये होती. बेसबॉलमध्ये अशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रेषेपुढे गेलात तर कर भरा, पण खर्च करा हवा तितका. दुसरं म्हणजे, खेळाडू वरच्या लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम त्याच्यावर संघाचा हक्क असतो. सुरुवातीची वर्षं तो तुलनेनं स्वस्तात खेळतो. सहा वर्षं झाली की मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जायला. म्हणजे गरीब संघानं वाढवायचं आणि श्रीमंत संघानं न्यायचं, हे ठरलेलंच.

मी २००१ साली फ्रीमाँटला गेले. तिथून लोकल गाडीनं ओकलंडच्या कोलिझियम स्टेशनावर उतरायचं आणि पुलावरून चालत थेट स्टेडियमच्या दारात. हिरव्या-पिवळ्या टोप्यांची गर्दी, ढोल बडवणारे लोक, स्वस्त तिकीट. नव्या देशात ओळखीचं कुणी नव्हतं, तिथे मला माणसं मिळाली. त्यातले एक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे, ओकलंडच्या गोदीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. मी मनात त्यांना काकाच म्हणायचे. हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जण शनिवारी सकाळी एका छोट्याशा कॉफीच्या दुकानात भेटायचो आणि भांडायचो.

पहिलं मोठं भांडण २००१ च्या डिसेंबरातलं. ओकलंड ॲथलेटिक्स त्या वर्षी १०२ सामने जिंकून पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क यांकीजकडून हरले होते. आणि त्याच यांकीजनी ओकलंडचा सर्वांत मोठा फलंदाज, जेसन जिआम्बी, सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन उचलला. जॉनी डेमन बॉस्टनला गेला, जेसन इझ्रिंगहॉसन सेंट लुइसला. एका हिवाळ्यात तीन खांब गेले.

काका संतापले होते. “घरचा मुलगा विकला,” म्हणाले.

मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले. एकतिशीला आलेल्या माणसाला सात वर्षांचा करार? शेवटच्या तीन वर्षांत त्याच्या गुडघ्यांचं काय होईल? ज्या संघाचा एकूण पगारखर्चच सुमारे ४ कोटी डॉलर, त्यानं एकाच माणसावर वर्षाला दीड-पावणेदोन कोटी घालायचे? व्यवस्थापक बिली बीन यांनी केलं तेच शहाणपणाचं होतं. त्यांनी बाजारात ज्याला भाव नाही असा गुण शोधला. फलंदाज दिसतो कसा, धावतो कसा, हे सोडा. तो बाद न होता किती वेळा पहिल्या बेसवर पोहोचतो, ते बघा. स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर कोपराच्या दुखापतीमुळे धड फेकूही शकत नव्हता. त्याला दहा लाख डॉलरहून कमी पैशांत घेतलं आणि पहिल्या बेसवर उभं केलं.

२००२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हा संघ सलग २० सामने जिंकला. विसाव्या सामन्याला, ४ सप्टेंबरच्या रात्री, मी तिथे होते. ११-० अशी आघाडी होती, ती ११-११ झाली. मग हॅटेबर्ग आला आणि त्यानं चेंडू मैदानाबाहेर मारला. पन्नास हजारांवर लोक उभे होते. काकांनी मला मिठी मारली. हंगामअखेर ओकलंडचे विजय १०३. यांकीजचेही १०३, आणि त्यांचा पगारखर्च होता सुमारे साडेबारा कोटी डॉलर, आमच्या तिपटीहून जास्त.

पहिल्या फेरीत आम्ही पुन्हा हरलो, या वेळी मिनेसोटाकडून. पण वाद मी जिंकला होता. या कथेवर २००३ मध्ये ‘मनीबॉल’ हे पुस्तक आलं, २०११ मध्ये सिनेमा आला. मी तर ऑफिसमधल्या नव्या मुलांना हे उदाहरण देऊन शिकवायचे.

त्या हिवाळ्यात काका कॉफी ढवळत म्हणाले, “ठीक आहे, तुझं बरोबर निघालं. पण एक सांग. पैसे वाचवले म्हणतेस, ते कुणाचे वाचले? कुठे गेले?”

मी हसले. म्हटलं, “अहो, संघाकडे मुळात पैसेच नाहीत, ते जाणार कुठे?” तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण प्रश्न चांगला होता आणि मी तो वहीत लिहून घेतला नाही, ही माझी चूक.

पुढे २००५ मध्ये संघ नव्या मालकांकडे गेला. त्यातले जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापक घराण्यातले. हिवाळे येत राहिले. २०१४ च्या नोव्हेंबरात जोश डोनाल्डसनला टोरांटोला दिलं, आणि पुढच्याच वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी तेव्हा हैदराबादहून फोनवर बोलत होते. म्हटलं, बदल्यात तरुण खेळाडू आलेत, थांबा जरा. २०२० च्या मोसमानंतर मार्कस सेमियन गेला. हा तिथलाच, खाडीकाठी वाढलेला मुलगा. पुढच्या वर्षी त्यानं टोरांटोसाठी ४५ होमरन मारले. मी म्हटलं, एका वर्षावरून काय ठरवायचं? मग २०२२ चा मार्च. मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरांटोला, ख्रिस बॅसिट न्यूयॉर्कला, सगळं काही दिवसांच्या आत. त्याही वेळी मी वही उघडली आणि २००१ चंच कोष्टक मांडायला बसले.

आणि बसल्या बसल्या हात थांबला.

कारण कोष्टकाची एकच बाजू भरत होती. २००२ मध्ये जिआम्बीचे पैसे नव्हते, तरी त्या वर्षीचा संघ त्याच वर्षी जिंकण्यासाठी बांधलेला होता. वाचलेला प्रत्येक डॉलर कुठल्या तरी खेळाडूत दिसत होता. २०२२ मध्ये वाचलेला डॉलर मला मैदानावर दिसेना. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. शब्द तेच होते, ‘छोटा बाजार’, ‘काटकसर’, ‘भविष्यासाठी बांधणी’. ते शब्द मीच वीस वर्षं लोकांना पटवून देत होते. एक चांगली युक्ती होती, तिची सबब कधी झाली ते मला कळलंच नाही. काकांना कळलं होतं.

आता मालकाची बाजूही ऐकू या, नाहीतर मी हिशेबाची माणूस कसली? कोलिझियम १९६६ चं. सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरायचं. बंदराजवळ नवं स्टेडियम बांधायची योजना होती, शहराशी वाटाघाटी झाल्या, पण ती तडीला गेली नाही. आणि प्रेक्षक येत नव्हते. २०२२ च्या अख्ख्या हंगामात आठ लाखसुद्धा आले नाहीत. मालक म्हणत, लोक येत नाहीत तर खर्च कशाच्या जोरावर करू? चाहते म्हणत, तुम्ही खर्च करत नाही तर आम्ही काय बघायला येऊ? १९९० साली याच स्टेडियमला २९ लाख लोक आले होते. म्हणजे शहरात माणसं नव्हती असं नाही.

आणि नुसता खर्च केला की काम झालं, असंही नाही. सॅन डिएगो हा काही मोठा बाजार नव्हे. तिथले मालक पीटर साइडलर यांनी हात सैल सोडला. २०२३ मध्ये पगारखर्चात तो संघ वरच्या तिघांत होता. निकाल? ८२ विजय, ८० पराभव, पुढच्या फेरीत प्रवेश नाही. पण त्या हंगामात तिथे ३२ लाखांहून जास्त लोक आले. ते हरले, पण पैसे कुठे गेले हे तिथल्या चाहत्यांना दिसत होतं. नोव्हेंबरात साइडलर वारले. डिसेंबरात त्या संघालाही हुआन सोटोला सोडावं लागलं. तिथले लोक चिडले, पण आपल्याला फसवलं असं त्यांना वाटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

ओकलंडच्या चाहत्यांनी आपलं उत्तर १३ जून २०२३ ला दिलं. बहिष्कार टाकून रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या नाहीत, उलट स्टेडियम भरून दाखवायचं, असं ठरवलं. लीगमधल्या सर्वांत वाईट संघाचा मंगळवारचा सामना आणि माणसं आली २७,७५९. हिरव्या शर्टांवर एकच शब्द होता, ‘विका’. म्हणजे संघ विका, दुसऱ्या कुणाला तरी द्या, पण इथून नेऊ नका. काका चौऱ्याऐंशीचे, तेही गेले होते. संघ २-१ असा जिंकला.

दोनच दिवसांनी नेवाडाच्या राज्यपालांनी लास व्हेगासच्या स्टेडियमला ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदत देणाऱ्या कायद्यावर सही केली. नोव्हेंबरात लीगच्या तीसही मालकांनी स्थलांतराला एकमतानं मान्यता दिली. त्या मतदानात चाहत्याला मत नसतं.

२६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती, मी आवाज बंद करून बघत होते, घरात सगळे झोपलेले. ४६,८८९ लोक. टेक्ससवर ३-२ असा विजय. ५७ हंगाम आणि चार विश्वविजेतेपदं त्या दुपारी संपली. लोक मैदानातली माती भरून घेऊन गेले. संघ व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात खेळायला गेला. नावाआधी आता कुठल्याच शहराचं नाव लावत नाहीत, नुसतंच ॲथलेटिक्स.

आणि मग पुन्हा हिवाळा आला. ओकलंड सोडून अडीच महिनेही झाले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये या संघानं लुइस सेव्हेरिनो या पिचरशी तीन वर्षांचा, ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. संघाच्या तोपर्यंतच्या इतिहासातला सर्वांत मोठा. आधीचा विक्रम एरिक चावेझच्या ६ कोटी ६० लाखांचा होता, २००४ चा. त्या हिवाळ्यात वृत्तपत्रांतून लिहून येत होतं की सगळ्या संघांच्या सामायिक उत्पन्नातून मिळणारा वाटा टिकवायचा, तर पगारांवर पुरेसा खर्च करून दाखवावा लागेल, नाहीतर खेळाडूंची संघटना तक्रार करू शकेल. कारण काहीही असो. वीस वर्षं जो आकडा परवडत नव्हता, तो परवडला.

त्या सकाळी उठले तर काकांचा संदेश आलेला. एकच ओळ.

“पैसे सापडले बघ.”

मी बराच वेळ त्यावर काही लिहू शकले नाही. माझं गणित चुकलं नव्हतं. जिआम्बीला सोडणं आजही मला बरोबरच वाटतं. चूक वेगळीच होती. एकदा बरोबर आलेलं उत्तर मी पुढच्या प्रत्येक प्रश्नाला चिकटवत गेले, आणि ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या त्यांची वकिली फुकटात करत राहिले.

आता माझ्याकडे एखादी संस्था येते, कधी पतपेढी, कधी शाळा चालवणारा ट्रस्ट. अहवालात अभिमानानं लिहिलेलं असतं, ‘यंदा खर्चात बचत केली’. पूर्वी मी त्या ओळीवर बरोबरची खूण करून पुढे जायचे. आता पेन खाली ठेवते आणि विचारते, वाचलेले कुठे गेले? ग्रंथालयात गेले, ठेवीत गेले, शिक्षकांच्या पगारात गेले, ते मला बोट ठेवून दाखवा. काही जण दाखवतात. काही जण चहा मागवतात.

काकांना मी दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं. “तुमचा प्रश्न २००२ मध्येच वहीत लिहून घ्यायला हवा होता.”

त्यांचं उत्तर आलं, “आता लिही. हिवाळा अजून पुष्कळ बाकी आहे.”