टँक आणि टाके

बंगळूरला नव्याने आलेल्या मनुष्याने ‘सँकी टँक’ हे नाव ऐकले, की त्याच्या डोळ्यांसमोर गच्चीवरील पाण्याची टाकी उभी राहते. तेथे जाऊन पाहावे, तो समोर झाडीने वेढलेला विस्तीर्ण तलाव! कर्नल रिचर्ड सँकी यांनी तो १८८२ मध्ये बांधविला.

एका शब्दाचे अर्थ एकमेकांपासून इतके दूर कसे गेले? त्याच्या मुळाविषयी विद्वानांत मतैक्य नाही. साठविलेल्या पाण्यासाठी असलेला पोर्तुगीज शब्द आणि गुजराती व मराठीतील ‘टांके’ अथवा ‘टाके’ असे दोन प्रवाह त्यात मिसळले असावेत. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातील दुसरा प्रवाह सहज पटेल. पुढे इंग्रजीत या शब्दाने द्रवपदार्थाच्या कोणत्याही मोठ्या पात्राचा बोध होऊ लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये चिलखती वाहन गुप्तपणे तयार होत असता, ते पाण्याचे पात्र आहे अशी बतावणी करण्यात आली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ते सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरले आणि बतावणीचे नाव त्याला कायमचे चिकटले. मराठीने मात्र त्यास ‘रणगाडा’ हे खणखणीत नाव दिले.

बंगळूरमध्ये या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. शहराजवळ मोठी नदी नाही. म्हणून उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवीत. एक तलाव भरला की सांडव्यावरचे पाणी ओढ्याने खालच्या तलावात जाई. कन्नडमध्ये त्यास ‘केरे’ म्हणतात. हल्ली ‘टँक’ऐवजी ‘लेक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द कानाला गोड खरा. परंतु त्याने तलाव निसर्गदत्त वाटू लागतो, आणि बांध, सांडवा व ओढा यांची आठवण पुसली जाते.

१८९० च्या दशकात हेसरघट्ट्याचे पाणी नळाने आले. पुढे शहरातील तलाव ही केवळ मोकळी जागा ठरली. धर्मांबुधी तलावाच्या जागी मुख्य बसस्थानक झाले, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार. ओढेही अनेक ठिकाणी बुजले वा अरुंद झाले. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत शहराच्या पूर्वेकडील नव्या, श्रीमंत वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा रहिवाशांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले.