चौक पिशवीवर नको

मासवणहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. आम्ही कापडी पिशव्या छापतो. लाकडी चौकटीला ताणलेली जाळी, खाली कागद कापून केलेला साचा, वरून रबराने रंग ओढायचा. रंग पातळ झाला की त्रिकोणाची कड पसरते. म्हणून रंग घट्ट आणि ओढ एकदाच. पहिला रंग वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

त्रिकोण, गोल, चौकोन तर आपल्या भिंतीवरचेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस उभा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी भिंतीवर लिहीत होत्या त्या बायाच, हं.

एका व्यापाऱ्याने पिशवीवर लग्नाचा चौक मागितला, पालघट देवीसकट. ऑर्डर मोठी. दोन दिवस आमच्यात वाद झाला. कापड उधारीवर आणलेलं होतं. तरी नाही म्हटलं. चौक सवाशिणींनी लिहायचा, लग्नघरात. पिशवीत उद्या कुणी बोंबील भरेल! आम्ही तारपा नाच आणि नुसते लाल-पिवळे त्रिकोण छापून दाखवले. त्याने निम्म्याच पिशव्या सांगितल्या. उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून पालघरच्या बाजारात घेऊन बसणार आहोत.