थांबलेल्या गाडीची ऊब

मोटारगाडी हे प्रवासाचे साधन असले, तरी कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत तिला दिवसाची सुरुवात शेगडीचे काम करून करावी लागते. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करायची, दहापंधरा मिनिटे तशीच धडधडत ठेवायची, आणि काचेवरचा बर्फ सुटला, आतली हवा तापली की मग घराबाहेर पडायचे, ही रीत कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि सायबेरिया येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन चालू ठेवण्याच्या या प्रकाराला ‘आयडलिंग’ असे म्हणतात. अनेक शहरांनी व देशांनी त्यावर मिनिटांची मर्यादा घातली, आणि त्यातून नियम व सवय यांच्यात जो झगडा उभा राहिला, त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: ऊब नेमकी कोणाला हवी असते, यंत्राला, काचेला की माणसाला? तिन्ही गरजा एकाच किल्लीने भागत असल्यामुळे त्या एकच वाटतात. परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत, त्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि जो नियम हा भेद ओळखतो तोच लोकांच्या अंगवळणी पडतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम यंत्राची गरज पाहू. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली म्हणजे ते मिश्रण ठिणगीने पेटते. थंड धातूच्या सान्निध्यात वाफ नीट होत नाही, म्हणून जुन्या इंजिनांत हवेची वाट अरुंद करून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागे. ही वाट अडवणारी झडप म्हणजे ‘चोक’, आणि हवा व इंधन यांचे मिश्रण करणारा भाग म्हणजे ‘कार्बोरेटर’. थंडीच्या सकाळी चोक ओढून स्कूटर एका बाजूला कलती करणारी आणि मग किकवर किक मारणारी पिढी महाराष्ट्रात अद्याप हयात असल्याने हे तंत्र मराठी श्रोत्यांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही. कार्बोरेटरला स्वतःची बुद्धी नसल्यामुळे इंजिन पुरेसे तापेपर्यंत ते अडखळत असे, आणि चौकात बंद पडण्यापेक्षा दारात तापवलेले बरे, हा त्या काळच्या चालकाचा निष्कर्ष सर्वस्वी योग्य होता.

मात्र १९९० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील नव्या मोटारींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा ‘फ्युएल इंजेक्शन’ने, म्हणजे संवेदकांच्या साहाय्याने तापमान व हवेचा प्रवाह मोजून इंधन फवारणाऱ्या व्यवस्थेने घेतली. या व्यवस्थेत गार इंजिनाला किती जास्त इंधन द्यायचे हे संगणक ठरवतो, त्यामुळे गाडी सुरू झाल्यावर अर्ध्याएक मिनिटात सावकाश चालवू लागणे शक्य होते. इंजिनाच्या ऑईलमध्येही असाच बदल झाला. डब्यावर छापलेल्या ‘५डब्ल्यू-३०’ यासारख्या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘विंटर’ म्हणजे हिवाळा या शब्दाचे आहे, आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑईल थंडीत अधिक पातळ राहून लवकर सर्वत्र पोहोचते. तात्पर्य, ज्या कारणासाठी गाडी दारात तापवत ठेवण्याची रीत पडली ते कारण उरले नाही. रीत तेवढी उरली.

ही उरलेली रीत निरुपद्रवी असती तर तिच्यावर नियम करण्याचे प्रयोजन नव्हते. इंजिनात निर्माण होणारी उष्णता जळणाऱ्या इंधनाच्या प्रमाणात असते, आणि उभ्या गाडीचे इंजिन फारच थोडे इंधन जाळत असल्यामुळे ते रेंगाळत तापते. तीच गाडी बेताच्या वेगाने चालवली तर भारामुळे ते कितीतरी लवकर तापते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर हे भाग गाडी चालल्याखेरीज तापतच नाहीत, म्हणजे अर्धा तास उभी तापवलेली गाडीही रस्त्यावर येते तेव्हा निम्मी गारच असते. दरम्यान गार इंजिनाला मिळणारे जादा पेट्रोल पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरील ऑईलचा थर धुऊन काढते, त्यामुळे इंजिनाच्या काळजीपोटी केलेली गोष्ट इंजिनाचीच झीज वाढवते. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ हा भाग सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करू लागतो. म्हणून दिवसभराच्या प्रवासातील सर्वांत घाणेरडा धूर पहिल्या काही मिनिटांतला असतो, आणि आयडलिंगने नेमकी हीच मिनिटे लांबतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभी गाडी एक किलोमीटरही कापत नसल्याने त्या काळातले ‘ॲव्हरेज’ शून्य असते.

परंतु एवढ्यावर थांबून उत्तरेकडच्या चालकाला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. उणे ५ अंशांची थंडी आणि उणे ४० अंशांची थंडी यांत प्रमाणाचाच नव्हे, प्रकाराचाही फरक आहे. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद निम्म्याच्या जवळ येते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑईल इंजिन फिरवायला अधिक ताकद मागते. डिझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते. पूर्व सायबेरियातील याकुत्स्क येथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असते. तेथे गाडीला जाड रजईसारखे आच्छादन घालतात, खिडक्यांना दुहेरी काच बसवतात, आणि गरम गॅरेज नसेल तर इंजिन तासन्‌तास बंद करत नाहीत, कारण बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. अशा ठिकाणी तीन मिनिटांचा नियम सांगणे म्हणजे तहानलेल्याला पाणी जपून वापरण्याचा उपदेश करण्यासारखे आहे.

या खऱ्याखुऱ्या गरजेला उत्तर शोधले गेले ते नियमाने नव्हे, विजेने. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स येथे वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक असलेले अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिन तापवणाऱ्या विद्युत उपकरणाचे पेटंट मिळाले. ‘ब्लॉक हीटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणाचे तत्त्व पाण्यात सोडण्याच्या घरगुती हीटरसारखेच आहे: इंजिनाच्या ओतीव भागात किंवा त्याभोवती खेळणाऱ्या कूलंटमध्ये विजेचा तापक बसवायचा आणि त्याची वायर बॉनेटबाहेर काढून भिंतीवरच्या सॉकेटला जोडायची. कॅनडाच्या गवताळ पठारावरील मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा या प्रांतांत गाडीच्या पुढून लोंबणारी प्लगची वायर हे हिवाळ्याचे नेहमीचे चिन्ह आहे. तेथे नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पेट्रोलवर चालणारी गाडी विजेला का जोडतात, हे कोडे पहिल्याच हिवाळ्यात सोडवावे लागते. ६०० वॅटचा हीटर टायमर लावून निघण्यापूर्वी दोन तास चालवला, तर सव्वा युनिटच्या आतबाहेर वीज लागते, आणि इंजिन पहिल्या फेरीपासून ऑईलने माखलेले, कमी धूर सोडणारे असे सुरू होते. रात्रभर हीटर चालू ठेवण्याने मात्र अधिक काही साधत नाही, विजेचे बिल तेवढे वाढते.

यंत्रानंतर काच. समोरचे दिसत नसताना गाडी चालवणे हा सर्वत्र गुन्हा आहे, म्हणून काच तापवण्याची गरज नाकारता येत नाही. वाद आहे तो साधनाचा. जर्मनीच्या रस्ते वाहतूक नियमावलीतील ३० वे कलम इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई करते, आणि थंड गाडी उभी तापवणे हे तेथे ‘विनाकारण’ या सदरातच मोडते. दुसरीकडे काचेवर डोकावण्यापुरते भोक पाडून गाडी हाकणेही दंडनीय आहे. या दोन नियमांच्या कात्रीत सापडलेला नागरिक सकाळी इंजिन बंद ठेवून प्लास्टिकच्या खरवडणीने बर्फ काढतो, किंवा रात्रीच काचेवर आच्छादन टाकतो. फिनलंडने वेगळा मार्ग काढला: तेथे उभ्या गाडीचे इंजिन एरवी २ मिनिटे आणि उणे १५ अंश किंवा त्याहून कमी तापमानात ४ मिनिटे चालू ठेवता येते. ही दोन जादा मिनिटे म्हणजे हवामानाशी केलेली तडजोड आहे, आणि सवलत आधीच मोजून दिल्यामुळे ती पळवाट होत नाही.

तिसरी गरज माणसाची, आणि सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. यंत्राचे नाव पुढे करून बहुतेक वेळा तापवली जाते ती बसण्याची जागा. ‘इंजिनासाठी’ हे सभ्य कारण आणि ‘गार सीटवर बसवत नाही’ हे खरे कारण. ट्रकचालकाची गोष्ट निराळी आहे, कारण लांबच्या मार्गावर केबिन हेच त्याचे शयनगृह असते, आणि त्याच्या एअर ब्रेकना लागणारा हवेचा दाब इंजिन चालवल्याशिवाय भरत नाही. म्हणून अशा वाहनांना बहुतेक नियमांत काही सूट असते. त्याखेरीज केबिनपुरता वेगळा छोटा इंधन-हीटर बसवला, तर मोठे इंजिन रात्रभर घुमत ठेवावे लागत नाही.

या तीन गरजा ध्यानात ठेवून नियमांकडे पाहिले म्हणजे त्यांचे हेतूही एकसारखे नाहीत हे दिसते. टोरांटो शहराने १९९६ मध्ये आयडलिंगवर ३ मिनिटांची मर्यादा घातली आणि २०१० मध्ये ती १ मिनिटावर आणली; तिचा रोख हवेवर होता. न्यूयॉर्क शहरात ही मर्यादा ३ मिनिटांची आणि शाळेलगत १ मिनिटाची आहे, कारण सायलेन्सरचे तोंड आणि लहान मुलाचे नाक यांची उंची फारशी वेगळी नसते. उभ्या ट्रक-बसची चित्रफितीसह तक्रार करणाऱ्या नागरिकाला दंडाचा चौथा हिस्सा देण्याची सोयही तेथे आहे. कोलोरॅडो राज्यात मात्र चालकाविना गाडी चालू सोडण्यास असलेल्या बंदीमागे चोरीची भीती आहे. थंड सकाळी दारात वाफ सोडत उभी असलेली, किल्ली आत असलेली गाडी चोराला आयतीच सापडते. म्हणून २०१६ मध्ये तो कायदा बदलताना दुरून सुरू होणाऱ्या गाडीला सूट मिळाली, कारण तिच्यात किल्ली नसते. चौथा हेतू जिवाचा आहे. बंद गॅरेजमध्ये, किंवा सायलेन्सर बर्फात बुजला असताना, चालू ठेवलेल्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा रंगहीन, गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचा घात करणारा वायू हाच.

सामूहिक सवयीचे फळ पाहायचे तर अलास्कातील फेअरबँक्सकडे जावे. टेकड्यांनी वेढलेल्या या खोलगट शहरात हिवाळ्यात ‘तापमान विपरीतता’ होते, म्हणजे जमिनीलगतची जड, थंड हवा खाली कोंडते आणि उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, आणि उणे ३० अंशांच्या खाली ही वाफ गोठून तिचे हिमधुके होते. थंडी जितकी कडक तितक्या जास्त गाड्या चालू ठेवल्या जातात, आणि जितक्या जास्त गाड्या तितके धुके दाट होते. अशा वेळी काच पुसली तरी समोरचा रस्ता दिसत नाही. प्रत्येकाने आपल्यापुरती मिळवलेली ऊब सर्वांच्या डोळ्यांवर पडद्यासारखी परत येते.

भारतात हा प्रश्न लडाखसारख्या प्रदेशापुरता आहे. तेथे गोठणाऱ्या डिझेलवर उपाय म्हणून इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. नियमाच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायदा, १९८८ मधील १२६ वे कलम असे सांगते की, सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या जागेवर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे. हे कलम सुरक्षेसाठी आहे. हवेसाठी काही शहरांनी मोहिमा हाती घेतल्या, आणि दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्याशी इंजिन बंद करण्याची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रात या सवयीचा ऋतूच उलटा आहे. वैशाखात शाळेच्या फाटकाशी एसी लावून उभ्या राहिलेल्या मोटारींचे समर्थन उणे ४० अंशांनी होत नाही, पण ‘आतल्या माणसाला बरे वाटावे’ हे कारण मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

विजेच्या गाड्यांमुळे हा वाद आता नव्या वळणावर आला आहे. त्यांना सायलेन्सर नाही, त्यामुळे उभ्या अवस्थेत धूर नाही. उलट त्यांची ऊब बॅटरीतून येत असल्याने थंडीत त्यांचा पल्ला घटतो. म्हणून निघण्यापूर्वी, चार्जरला जोडलेल्या अवस्थेतच गाडी तापवून घेण्याचा सल्ला दिला जातो. फ्रीमन यांच्या हीटरने पाऊण शतकापूर्वी जे केले, तेच ही गाडी जन्मतःच करते: ऊब आणि धूर यांची ताटातूट. मिनिटे मोजणारा नियम जेथे अशा सॉकेटच्या सोबतीने आला तेथे गरजेला दुसरी वाट मिळाली आणि उरलेल्या सवयीला कारण सांगावे लागले. जेथे नुसताच दंडाचा फलक आला तेथे गरज आणि सवय एकाच धुरात लपून राहिल्या.